एका सेल्फमध्ये आत्याबाई

“चार्जमन झालात आणि चेहरा सुतकी?” सत्यशीलाबाईंनी पेढ्यांचा बॉक्स नवऱ्यापुढे सरकवला. “घ्या एक. सगळ्या सोसायटीला वाटून झाले, फक्त सत्कारमूर्ती राहिलेत.”

ज्ञानदेव काळोखे यांनी पेढ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “एका सेल्फमध्ये चालू केली त्यानं,” ते म्हणाले.

“कोणी? काय?”

“सोनटक्क्यानं. आत्याबाई.”

“मग पोलिसांत जा,” असं म्हणून सत्यशीलाबाईंनी बॉक्सचं झाकण लावलं आणि तो फ्रिजमध्ये ठेवून दिला.

आत्याबाई ही काळोख्यांची कुणी नातेवाईक नव्हती. खडकीच्या बाजूला असलेल्या एका लष्करी वर्कशॉपातली ती क्रेनवाली रिकव्हरी गाडी होती आणि तिनं चाळिशी कधीच ओलांडली होती. चिखलात रुतलेले, दरीच्या तोंडाशी लटकलेले, भर रस्त्यात प्राण सोडलेले ट्रक ओढून आणणं हे तिचं काम. तिला बनवणारी कंपनी बंद पडली, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, तिच्याबरोबर भरती झालेले जवान नातवंडं खेळवू लागले, तरी ती अजून ‘राखीव’ होती. राखीव म्हणजे निवृत्त नव्हे. हुकूम आला की निघाली पाहिजे. म्हणून दर मंगळवारी सकाळी आठ वाजता तिला चालू करायची, मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या आणि टायर एकाच बाजूनं चपटे होऊ नयेत म्हणून जरा सरकवून उभी करायची, असा रिवाज होता.

अडचण एवढीच, की ती चालू व्हायची नाही. उभी राहिली की तिच्या डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरायची. कुठून, ते आजवर एकाही मिस्त्रीला सापडलं नव्हतं. मग हातपंप मारमारून ती हवा काढायची, सेल्फ मारायचा, ती खोकायची, गप्प व्हायची, की पुन्हा पंप. या सगळ्याला अर्धा तास लागायचा आणि तो अर्धा तास गेली वीसएक वर्षं ज्ञानदेवांचा होता. आधी सगळ्यांची हजेरी घ्यायची, मागची उणीदुणी काढायची आणि मग एकदा पदर खोचला की एकटीनं घर उपसायचं, असा तिचा स्वभाव म्हणून ज्ञानदेवांनीच तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. “काळोख्यांशिवाय ती चालू होत नाही,” हे वाक्य जाणारा साहेब येणाऱ्या साहेबाला सांगून जायचा. ज्ञानदेव काळोखे हा माणूस वर्कशॉपात ताठ मानेनं चालायचा तो या एका वाक्यावर.

आणि मग हे चार्जमनपद येऊन कोसळलं. नव्या रिकव्हरी गाड्या आल्या होत्या. त्यांना पुढं मोठा स्क्रीन होता. काही बिघडलं तर गाडी स्वतःच स्क्रीनवर सांगायची आणि दुरुस्त करायला कंपनीचा इंजिनिअर यायचा. बॉनेटला सील. चार्जमननं फक्त गुप्त क्रमांक दाबून ती चालू करायची आणि दिवसभर स्क्रीन पुसायचा. मेजर पृथ्वीराज घोरपडे यांनी ज्ञानदेवांची पाठ थोपटून सांगितलं, “काळोखे, फार खस्ता खाल्ल्यात त्या जुन्या धुडापायी. आता आराम करा.” धूड हा शब्द ज्ञानदेवांच्या काळजात घुसला, पण मेजरसाहेबांना काय बोलणार?

आत्याबाई गेली वैजनाथ सोनटक्के याच्याकडे. वैजनाथ परळीकडचा, उंचापुरा, वर्कशॉपच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहणारा. ताबा घेताना त्यानं अदबीनं विचारलं होतं, “काळोखेसाहेब, काई खास सांगायचं हाय का हिच्याबद्दल?”

“छे. गाडीच आहे,” ज्ञानदेव म्हणाले होते. हातपंपाचं त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही.

मंगळवारी आठला ते चहाचा ग्लास घेऊन शेडच्या कोपऱ्यावर उभे राहिले. आता अर्धा तास निवांत बघत राहायचं, वैजनाथला घाम फुटला की हळूच पुढं व्हायचं, असा बेत होता. वैजनाथ वर चढला, सेल्फ मारला आणि आत्याबाई भडभडून चालू झाली. ज्ञानदेवांच्या ग्लासातला चहा अजून तोंडाला लावायचा होता.

एखाद्या वेळी होतं असं. हवा कोरडी असेल. पण पुढच्या मंगळवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही मंगळवारी तेच. ज्ञानदेवांच्या पोटात जे काही पेटलं त्याला ते ॲसिडिटी म्हणत होते, पण तो साधा, निव्वळ, नाव घेऊन सांगण्यासारखा मत्सर होता. वीस वर्षं ज्या बाईच्या विनवण्या केल्या, ती परक्या माणसाच्या पहिल्याच हाकेला ओ देत होती. वर त्या वैजनाथनं सीटला फुलाफुलांचं कव्हर घातलं होतं आणि आरशाला लिंबू-मिरची बांधली होती. तो तिला आत्याबाई म्हणतच नव्हता. तो तिला ‘माय’ म्हणायचा.

यापर्यंतही ठीक होतं. पण एक दिवस कॅन्टीनमध्ये कुणीतरी सहज विचारलं, “काळोखे, ती गाडी एका सेल्फमध्ये चालू होते म्हणे. मग तुम्ही अर्धा तास नक्की काय करायचात?” सगळे हसले. दुपारी तोच प्रश्न स्टोअरमध्ये आला. संध्याकाळी खुद्द मेजरसाहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, “सहज कुतूहल म्हणून विचारतो हं काळोखे, तो अर्धा तास तुम्ही...?” वाक्य त्यांनी सज्जनपणानं अर्धवट सोडलं. ते पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, असं ज्ञानदेवांना घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं. वीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती, आणि ती वाचवायची तर आत्याबाई वैजनाथच्या हातात एकदा तरी, निदान एकदा, बंद पडायला हवी होती.

तशातच दिल्लीहून तपासणी येणार असल्याची बातमी आली. कर्नल दर्जाचा अधिकारी येऊन जुन्या गाड्यांतल्या कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या लिलावात काढायच्या ते ठरवणार होता. तपासणी म्हटल्यावर वर्कशॉपात जो हलकल्लोळ उडतो तो उडाला. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, दगडांना चुना लागला. चांगल्या बॅटऱ्यांची एक जोडी होती, ती कुठल्या गाडीतून काढून शेडमागून पळत नेऊन कुठल्या गाडीत बसवायची याची रंगीत तालीम झाली. आणि आदल्या संध्याकाळी सगळे चुन्याचे हात धुवायला गेले असताना ज्ञानदेव काळोखे खिशात पाना घालून आत्याबाईच्या केबिनमध्ये शिरले.

तिचं इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटांच्या मधे, एका झाकणाखाली होतं. ज्ञानदेवांनी झाकण उचललं आणि डिझेलच्या नळीचा पितळी नट किंचित ढिला केला. अगदी किंचित. म्हणजे हवा भरपूर शिरेल आणि उद्या कितीही सेल्फ मारले तरी ती हूं की चूं करणार नाही. मग मेजरसाहेब ओरडतील, “काळोख्यांना बोलवा!” मग काळोखे सावकाश चालत येतील, नट आवळतील, हवा काढतील आणि दिल्लीच्या साहेबासमोर ती चालू करतील. योजनेत कुठंही खोट नव्हती.

“राग मानू नकोस,” झाकण लावताना ते आत्याबाईला म्हणाले. “तूच ही वेळ आणलीस.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, चहा पिताना, त्यांनी ही योजना मोठ्या समाधानानं सत्यशीलाबाईंना सांगितली. सत्यशीलाबाई चहा गाळता गाळता थांबल्या.

“आणि बोलावलंच नाही तर?”

“कुणाला?”

“तुम्हाला. त्या दिल्लीच्या माणसाला काय ठाऊक काळोखे कोण ते? गाडी चालू झाली नाही, काढा लिलावात. तो पुढच्या गाडीकडे जाईल. आत्याबाई भंगारात, तुम्ही स्क्रीन पुसा.”

ज्ञानदेवांचा कप बशीत कलंडला. सोनटक्क्याची फजिती व्हावी एवढंच त्यांना हवं होतं. आत्याबाईचे गॅसनं तुकडे कापले जावेत असं त्यांनी स्वप्नातही मागितलं नव्हतं. ते तसेच उठले, पाना खिशात टाकला आणि कर्वेनगरपासून खडकीपर्यंत स्कूटर अशी हाणली की विद्यापीठ चौकातल्या सिग्नललाही ते दिसले नसावेत.

शेड अजून अंधूक होती. आतून आवाज येत होता. चुक्-चुक्, चुक्-चुक्. हा आवाज ज्ञानदेवांनी झोपेतही ओळखला असता. हातपंप. आणि त्याच्या जोडीला कुणाचा तरी काकुळतीला आलेला स्वर:

“ऊठ गं माय. असं नगं करूस. दर मंगळवारी गुमान उठतीस, आन् आजच काय झालं? त्या काळोख्याच्या देखत माझं नाक कापू नगंस. तुला नवं वायपर आणतो, पण ऊठ.”

ज्ञानदेव केबिनच्या पायरीवर चढले. “सोनटक्के!”

वैजनाथ दचकून उठला तो छताला डोकं आपटूनच. “तुमी? इतक्या पहाटं?”

“ते मी विचारतोय. काय चाललंय?”

“पूजा,” वैजनाथ म्हणाला. हातपंप त्याच्या हातातच होता.

“दर मंगळवारी असते वाटतं ही पूजा?”

वैजनाथचा चेहरा पडला. “मग काय करू सांगा. ती तुमच्याच हातानं उठती म्हणून गाव बोलतंय. माझ्याकडनं झाली नसती तर सगळे दात काढत बसले असते. म्हणून पहाटं येतो, हवा काढतो, गरम करून ठेवतो. मग आठ वाजता उठती एका सेल्फात.”

म्हणजे यालाही अर्धा तासच लागत होता! ज्ञानदेवांच्या छातीवरचा दगड उतरला. पण तो पुरता जमिनीला टेकायच्या आत दुसरा, त्याहून जड, तिथं येऊन बसला. म्हणजे हा माणूस इतके दिवस रोज नाही तरी दर मंगळवारी, सगळं जग झोपेत असताना, तिच्याजवळ बसून गुलुगुलू बोलत होता. आणि तिनंही कुणाला कळू दिलं नाही. ही तर चोरून भेटायचीच गोष्ट झाली.

“पण आज काई केल्या ऐकंना,” वैजनाथ म्हणाला आणि त्याची नजर थबकली. “तुमच्या शर्टाच्या खिशात पाना कशाला हाय?”

“असतो कधीकधी.”

“पेनाच्या जागी?”

ज्ञानदेवांनी सांगून टाकलं. न सांगून उपाय नव्हता, कारण नट आवळायचा होता. वैजनाथनं ऐकून घेतलं आणि पान्याला हात घातला. “आणा इकडं. गाडी माझ्या नावावर हाय.”

“तुमच्या नावावर असेल. नट माझा आहे.”

“ढिला केलात ना? आता आवळायचं आमच्याकडं.”

“सोनटक्के, सोडा.”

“तुमी सोडा.”

पाना एक, हात दोघांचे, आणि दोघंही आवळण्याच्याच बाजूचे. दोन तगड्या मिस्त्र्यांनी मिळून लावलेला जोर त्या म्हाताऱ्या पितळाला कसला सोसतोय? कट्ट असा आवाज झाला आणि नळी नटापाशी तडकली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. तसली नळी स्टोअरमध्ये नव्हती, पुण्यात नव्हती, बहुधा पृथ्वीवर नव्हती. वेल्डिंगवाला यायला दहा वाजणार होते आणि कर्नलसाहेब नऊला यायचे होते.

मग मात्र दोघांमधले मिस्त्री जागे झाले. वैजनाथनं क्वार्टरमधून कपडे धुवायची साबणवडी आणली. ज्ञानदेवांनी ती मळून तड्यामध्ये दाबली, वर स्कूटरच्या डिकीतली जुनी ट्यूब कापून आवळून गुंडाळली. सेल्फ मारला. आत्याबाई चालू झाली. हात काढला, बंद पडली. पुन्हा हात लावला, चालू. काढला, बंद. अर्थ उघड होता. ती नळी कुणीतरी सारखी मुठीत दाबून धरायला हवी होती.

“तुमी चालवा, म्या धरतो,” वैजनाथ म्हणाला.

“यादीत ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव आहे. आणि धरणार मी. तिची नस मला ठाऊक आहे.”

“आन् तुमची नवी गाडी?”

“तिची पाहणी दुपारच्या जेवणानंतर आहे.”

अशा रीतीनं चार्जमन ज्ञानदेव काळोखे शेजारच्या सीटपुढच्या खाचेत, इंजिनाच्या झाकणाला खेटून उकिडवे बसले, उजवा हात झाकणाखाली घालून त्यांनी नळी धरली आणि वैजनाथनं त्यांच्यावर ताडपत्री पांघरली. वरून फुलाफुलांच्या कव्हराचं एक टोक ओढलं. बघणाऱ्याला वाटावं, सामान आहे.

नवाच्या ठोक्याला कर्नलसाहेब आले. आत्याबाईसमोर उभे राहिले. वैजनाथनं सेल्फ मारला. एका सेल्फमध्ये ती चालू झाली. कर्नलसाहेबांनी भुवया उंचावल्या. “इस उमर में? शाबाश!” मेजर घोरपड्यांनी असं तोंड केलं की जणू तेच आत बसले होते. ताडपत्रीखाली ज्ञानदेवांचा हात आता कोमट होऊ लागला होता, पण त्या शाबासकीचा चटका त्याहून जास्त बसला.

आणि मग कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांचं परतीचं विमान लवकर होतं. “नयी वाली भी अभी देख लेते हैं।”

“जरूर सर,” मेजर म्हणाले आणि ओरडले, “काळोखे!”

ताडपत्री दचकून हलली.

“चार्जमन काळोखे कुठे आहेत? बोलवा काळोख्यांना!” ज्या हाकेसाठी एवढा उपद्व्याप केला होता ती हाक शेवटी आली होती, आणि ज्ञानदेवांना ओ देता येत नव्हती. वैजनाथ ओठ न हलवता पुटपुटला, “बोलवायलेत तुमाला.”

“ऐकू येतंय मला!” ताडपत्री फिसकारली.

चौघंजण शोधायला पळाले. कॅन्टीन झालं, स्टोअर झालं, संडासांची दारं वाजवून झाली. गुप्त क्रमांक फक्त चार्जमनलाच ठाऊक असावा असा नियम असल्यामुळे ती चकचकीत नवी गाडी स्क्रीनवर ‘क्रमांक टाका’ असं म्हणत ठप्प उभी राहिली. कुणी अंदाजानं क्रमांक दाबून पाहिले. तिसऱ्या चुकीला गाडीनं स्वतःला कुलूप लावून घेतलं आणि पिवळा दिवा लावून किंचाळायला लागली. मेजरसाहेबांचा रंग त्या दिव्यासारखाच झाला.

कर्नलसाहेब मात्र खुशीत आले. “अपने पास रिकव्हरी गाडी है ना? तो रिकव्हर करो।” आणि त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ते आत्याबाईची पायरी चढून वैजनाथच्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. “मैं भी देखूं, कैसे खींचती है।”

पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी ताडपत्रीवर ठेवले. “ये क्या है?”

“सामान साब,” वैजनाथ म्हणाला. “पुराना है.”

साखळी अडकवली गेली आणि आत्याबाई नव्या गाडीला ओढत मैदानात निघाली. स्वतःच्या अखत्यारीतली गाडी आपणच, पाठीवर कर्नलचे बूट घेऊन, चोरासारखं लपून ओढून नेतो आहोत, हे ज्ञानदेवांच्या ध्यानात आलं. पण विचार करायला सवड नव्हती, कारण वर गप्पा सुरू झाल्या होत्या.

“तुमसे पहले कौन देखता था इसको?”

“थे एक काळोखे,” वैजनाथ म्हणाला.

“मैंने सुना, उनके टाइम में आधा घंटा लगता था?”

वैजनाथ ताठ होऊन बसला. बाजूला कर्नल, समोर मोकळं मैदान, हाताखाली गुमान चालणारी गाडी. कुणाचाही पाय घसरावा असाच तो क्षण होता. “गाडी तो वोही है साब,” तो म्हणाला. “हाथ का फरक रहता है.”

ज्ञानदेवांची मूठ सैल झाली. त्यांनी केली म्हणा, आपोआप झाली म्हणा. आत्याबाई खोकली, हिसका बसला, कर्नलसाहेबांची टोपी डॅशबोर्डवर पडली.

“क्या हुआ?”

“मतलब,” वैजनाथ घाईघाईनं म्हणाला, “मेरे हाथ को सिखाया उन्होंनेच साब. सब उन्होंनेच सिखाया.”

मूठ आवळली गेली. इंजिन सरळ झालं.

“अच्छा? तो अच्छे मिस्त्री हैं?”

“बहोत अच्छे.” इंजिन ठाकठीक होतं. वैजनाथला आता किल्ली सापडली होती. “इस गाडी का जो भी है, वो काळोखेसाहेब का है. इनके जैसा आदमी पूरे पुणे में नहीं.” आत्याबाई अशी गोड गुरगुरायला लागली की मागचं धूड तिला जाणवतही नसावं.

“कमाल है,” कर्नलसाहेब टोपी घालत म्हणाले. “इतने अच्छे हैं, तो आज हैं कहां?”

वैजनाथनं गिअर बदलला. उत्तर ज्ञानदेवांकडे होतं, पण ते बुटाखाली होतं.

फेरी संपली. कर्नलसाहेब चहाला गेले, वैजनाथनं गाडी शेडमागं घेतली आणि ज्ञानदेव ताडपत्रीतून बाहेर आले. उजवा हात कोपरापर्यंत लाल, तोंड काळं, शर्टाच्या पाठीवर बुटाचे दोन ठसे. नेमके तिथंच मेजर घोरपडे त्यांना सामोरे आले.

“काळोखे! कुठे होतात?”

ज्ञानदेवांनी तोंड उघडलं. सांगून टाकावं, की त्या गाडीत मीच होतो. माझ्याच मुठीत ती चालत होती. विचारा त्या सोनटक्क्याला. वीस वर्षांच्या अर्ध्या तासाचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला असता. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की ती गाडी साबणवडीवर आणि एका माणसाच्या मुठीवर चालते. आणि अशा गाडीला कुणी सेवेत मुदत वाढवून देत नाही. लिलावाची तारीख देतात.

“पोट बिघडलं होतं, साहेब,” ते म्हणाले.

मेजरसाहेबांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि अधिक विचारायचं टाळलं.

निकाल संध्याकाळीच लागला. आत्याबाई सेवेत कायम. वैजनाथ सोनटक्के याच्यासारख्या रत्नाला भंगार गाडीवर कुजवू नये, असं कर्नलसाहेब जाता जाता सांगून गेले, म्हणून तो चार्जमन होऊन नव्या गाड्यांवर. आणि ऐन तपासणीत बेपत्ता झाल्याबद्दल ज्ञानदेव काळोखे यांचं पद काढून घेऊन त्यांची परत जुन्या जागी, आत्याबाईवर, रवानगी. “ही शिक्षा आहे काळोखे, लक्षात ठेवा,” मेजरसाहेबांनी बजावलं. ज्ञानदेवांनी मान खाली घातली. ती घालावीच लागली, कारण तोंडावरचं हसू कुठंतरी लपवायला हवं होतं. त्या दिवशी वर्कशॉपातून बाहेर पडताना सगळे वैजनाथचं अभिनंदन करत होते, आणि वैजनाथचा चेहरा मात्र घरातलं माणूस स्टेशनवर सोडून आल्यासारखा झाला होता.

पुढच्या आठवड्यात वेल्डिंगवाल्यानं नळी सांधली. हवा मात्र शिरायची ती कुठून तरी शिरतच होती. आणि आता एक नवं लचांड उभं राहिलं. ‘एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी’ म्हणून आत्याबाईचं नाव झालं होतं. मंगळवारी आठला मेजरसाहेब स्वतः बघायला येणार होते, कॅन्टीनचे झाडून सगळे येणार होते. आता अर्धा तास लावून चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा मंगळवारी अंधारातच ज्ञानदेव कर्वेनगरहून निघाले, शेडमध्ये आले, केबिनमध्ये चढले, बाह्या सारल्या आणि हवा काढायला म्हणून इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला.

झाकण गरम होतं.

त्यांनी दुसरा हात ठेवून पाहिला. चांगलंच गरम होतं. सीट मागे सरकवलेली होती, उंच माणसाच्या बेतानं. आणि आरशाला नवं, ताजं लिंबू बांधलेलं होतं. ज्ञानदेव त्या फुलाफुलांच्या कव्हरावर बसून राहिले. आपली लाज राखायला कुणीतरी झोपमोड करून घेतली, एवढं समजण्याइतके ते शहाणे होते. पण त्यांना उपकार वगैरे काही वाटलं नाही. त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली.

आठ वाजता सेल्फ मारला. एका सेल्फमध्ये आत्याबाई चालू झाली. टाळ्या पडल्या. “शाब्बास काळोखे!” मेजरसाहेब म्हणाले. “आता कसं! मग एवढी वर्षं तो अर्धा तास...” आणि त्यांनी पुन्हा सज्जनपणानं वाक्य सोडून दिलं.

मैदानाच्या पलीकडे चार्जमन सोनटक्के स्वच्छ असलेला स्क्रीन पुसत होता. ज्ञानदेव दोन फेऱ्या मारून, गाडी लावून तरातरा त्याच्याजवळ गेले.

“सोनटक्के, पुढच्या मंगळवारी मी पाचला येणार आहे.”

“या की,” वैजनाथ स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. “म्या चारला उठतो.”

ज्ञानदेव तिथून निघाले ते थेट मेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि आवारातलं एखादं क्वार्टर रिकामं आहे का, असं त्यांनी विचारलं.

“क्वार्टर?” मेजरसाहेब चक्रावले. “काळोखे, कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट आहे ना तुमचा?”

“आहे साहेब. लांब पडतो.”

“मिसेस तयार आहेत?”

“त्यांना अजून विचारलेलं नाही.”

“बरं, आणि किती दिवसांसाठी हवंय?”

“ती चालू आहे तोवर,” ज्ञानदेव म्हणाले, आणि खिडकीतून शेडकडे कुणी जात नाही ना ते पाहू लागले.